सोबतचं माणूस

वणीत हळू बोलणारं माणूस सहसा भेटत नाही. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारणारा, स्टँडवर नांदुरी-गडाचे प्रवासी गोळा करणारा जीपवाला, नवरात्रात रस्त्याच्या कडेला पेढे आणि कुंकवाच्या पुड्या मांडून बसणारी मावशी, सगळ्यांचे गळे मोकळे. दोन बागांपलीकडच्या माणसाला फोन लावण्यापेक्षा हाक मारणं आमच्याकडे सोपं वाटतं. म्हणूनच असेल, गेल्या भाद्रपदात मी जवळ आले की लोकांचे आवाज खाली उतरतात हे मला फार लवकर कळलं. किराणा दुकानाच्या पायरीवर दोघीतिघी मोठ्याने बोलत असायच्या. मी दिसले की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी पुढे येऊन अगदी कानाशी विचारायचं, "कसं आहे आता?" आजारी माणूस तर तिकडे मळ्यातल्या घरी, ओट्यावरच्या बाजेवर. त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आवाज हळूच. आजारालाच ऐकू जाईल अशी भीती असावी.

ह्यांच्या स्वादुपिंडात गाठ होती आणि ती कळली तेव्हा दुखणं यकृतापर्यंत पोचलं होतं. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ खोल दडलेलं असतं. तिथलं काही हाताला लागत नाही, बराच काळ जाणवतही नाही. जे जाणवतं त्याला शेतकऱ्याच्या घरात कारणं तयार असतात. पाठ दुखते ती पंप पाठीवर घेतल्याने, भूक मंदावते ती उन्हाने, अंग उतरतं ते कामाने. डोळे पिवळे झाले तेव्हा घरातली वडीलधारी माणसं काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता शोधत होती. मुलीने हट्ट धरला आणि नाशिकला नेलं. पित्ताची नळी गाठीने दाबली गेली होती. डॉक्टरांनी तिच्यात स्टेंट घातला, कावीळ उतरायला लागली, आणि ह्यांना वाटलं, सुटलो. त्याच संध्याकाळी शेजारच्या खोलीत डॉक्टर मला पडद्यावरचे उजळलेले ठिपके दाखवत होते. चौथी स्टेज, म्हणाले. केमो देता येईल, पण ती आजार घालवण्यासाठी नसेल, त्याला काही काळ आवरून धरण्यासाठी असेल.

असं काही ऐकताना मन कुठे जाऊन बसतं कोण जाणे. माझं मन त्या खोलीतल्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र होतं तिथे गेलं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट. मी ते चित्र शाळेतल्या फलकावर लावण्यासाठी पाठ करावं तसं पाठ केलं. डॉक्टर भले होते, थांबले. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे. मी सगळ्यांची नावं सांगितली. माझं सांगायचं राहिलं, ते त्यांनीच पुढे जोडलं.

बाहेर आल्यावर धाकट्या दीरांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते, "दादाला काही सांगायचं नाही." कुणी विरोध केला नाही. मीही नाही. आपल्याकडे हे असं व्हरांड्यात ठरतं, चार जवळची माणसं भिंतीला टेकून उभी असताना, आणि ठरवणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात मायाच असते. घरी आल्यावर फाईल माझ्या कपाटात, लुगड्यांच्या खाली गेली. ह्यांना सांगितलं, पित्ताच्या पिशवीचं दुखणं आहे, काही दिवस औषधं चालतील. ह्यांनी मान डोलावली आणि काहीच विचारलं नाही. जो माणूस खताच्या गोणीवरची बारीक अक्षरं दोनदा वाचल्याशिवाय पैसे देत नाही, त्याने स्वतःच्या पोटाबद्दल एकही प्रश्न विचारू नये, यातच सगळं आलं होतं. ह्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की ह्यांना ठाऊक आहे. तरी आम्ही दोघं एका घरात, एका ताटाशी, एकमेकांना जपत राहिलो. रात्री दिवा मालवल्यावर दोघंही जागे असायचो आणि दोघंही झोपल्यासारखा श्वास घ्यायचो.

माणसं येत राहिली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. नारळपाणी आलं, गव्हांकुराचा रस आला, कुणा वैद्याचा पत्ता आला, कुणाच्या तरी मेव्हण्याला कशाने गुण आला त्याचा व्हिडिओ आला. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने आणलं. पण प्रत्येक न घेतलेला काढा, प्रत्येक न गाठलेला वैद्य माझ्या डोक्यावर देणं होऊन बसायचा. रात्री हिशेब चालायचा, तिकडे नेलं असतं तर? आणि "धीर धरा" हे तर येणारा जाणारा सांगायचा. धीर धरायला हात मोकळे लागतात. माझ्या एका हातात औषधांची पिशवी होती, दुसऱ्यात केशरी शिधापत्रिकेच्या झेरॉक्स.

ती शिधापत्रिका घेऊन मी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलाशी गेले. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तिचा एक आरोग्यमित्र बसतो. आमच्या वाट्याला आलेला मुलगा मी शाळेत शिकवलेल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्याने मला धीर वगैरे काही दिला नाही. खुर्ची दिली, कागद एकावर एक नीट लावले, कुठल्या कागदाच्या दोन प्रती लागतील ते पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जेवून या, तोवर मी ऑनलाइन टाकतो." मी जेवून आले. बऱ्याच दिवसांत कुणी सांगितलं म्हणून जेवले होते.

दरम्यान गोडी छाटणीचे दिवस आले. द्राक्षाच्या बागेला घरात काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नसतं. छाटणी चुकली की वर्ष गेलं, छाटणीनंतर लगेच काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लागलीच पाहिजे, मग फेलफूट, मग विरळणी, डिपिंग, आणि प्रत्येकाच्या मध्ये फवारण्या. मी बाग विकायचा विचार बोलून दाखवणार होते. एका सकाळी उठून बाहेर आले तर बांधावर माणसं उभी. शेजारच्या मळ्यातले आप्पा, त्यांची मुलं, गल्लीतले दोघं, आणि एक तर असा ज्याच्याशी पाण्याच्या पाळीवरून आमचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. ज्याची त्याची कात्री ज्याच्या त्याच्या हातात. सावडीने कामं करायची रीत आमच्याकडे जुनी आहे, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. यावेळी परतफेड कधी, हे कुणी विचारलं नाही. मी चहाचं आधण ठेवलं. ह्यांनी ओट्यावरून हाक दिली, "डोळे मोजून ठेवा रे, घाई करू नका!" आजारपणात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांच्याशी मोठ्या आवाजात बोललं ते तेव्हा. आप्पा तिकडून ओरडले, "तू गप बैस, आम्हाला शिकवू नको!"

आप्पा त्यानंतर रोज संध्याकाळी येऊन बसू लागले. आजाराचं काही नाही. भाव, पाऊस, ओझरखेडच्या धरणात पाणी किती, अमक्याच्या बागेत डावणी रोग आला का. त्या तासाभरात मी आंघोळ करायची, कपडे धुवायची, कधी नुसती मागच्या दारी बसायची. आप्पांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे, की आजाऱ्याइतकीच गरज त्याच्याजवळ सतत बसलेल्या माणसाला उठण्याची असते.

सगळे म्हणत होते, गडावर जाऊन या. बाहेरगावचे लोक सप्तशृंगीला वणीची देवी म्हणतात. गड खरं म्हणजे कळवण तालुक्यात आहे, वणी दिंडोरीत. पण देवी आमची आहे याबद्दल वणीत कुणाला शंका नाही. साडेतीन पीठांमधलं हे अर्धं. आधी गावातल्या जगदंबेला नमस्कार करायचा आणि मग नांदुरीवरून घाट चढायचा. मी एकटी गेले, नवरात्राच्या गर्दीआधी. कड्याच्या कपारीत उभी असलेली ती अठरा हातांची मूर्ती लहानपणापासून पाहत आले आहे. २०२२ साली तिच्या अंगावरचे शेंदराचे कित्येक वर्षांचे थर काढले गेले, खालचं मूळ रूप उघडं झालं, तेव्हा आम्हा आसपासच्या लोकांना जुनी ओळखीची बाई नव्याने भेटल्यासारखं झालं होतं. तिच्या अठरा हातांतली शस्त्रं सगळे मोजतात. मला लहानपणापासून तिची मान आवडते. ती ताठ नाही, एका बाजूला किंचित कललेली आहे. समोर मार्कंड्याचा डोंगर आहे, तिथे बसून मार्कंडेय ऋषींनी देवीमाहात्म्य सांगितलं आणि देवी कान देऊन ऐकत राहिली, अशी आमच्याकडची श्रद्धा. महिषासुराला मारणाऱ्या देवीला माणसांनी या डोंगरावर ऐकताना उभं केलं, याचं मला त्या दिवशी फार वाटलं. मी काही मागितलं नाही. जे कुणाला बोलले नव्हते ते सगळं मनात बोलून घेतलं आणि खाली उतरले.

दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचं ठरलं. पहाटे अंधारात वणी सोडायची, नाशिक रोडला पंचवटी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरायचं. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत देते आणि सोबत जाणाऱ्या एका माणसालाही देते. त्या अर्जावर माझ्यासाठी एक ओळ होती. डॉक्टरांच्या कागदावर माझी सही होती, औषधांच्या पावतीवर माझा फोन नंबर होता, पण मलाही या प्रवासात जावं लागतंय हे मान्य करणारी ती पहिलीच ओळ.

परळच्या टाटा रुग्णालयाभोवतीचे फुटपाथ ज्याने पाहिले त्याला भारताचा नकाशा वेगळा पाहावा लागत नाही. बंगाल, बिहार, आसाम, विदर्भ, कोकण, सगळे पथारी टाकून. प्रत्येक पथारीवर दोन माणसं, एक आडवं, एक बसलेलं. बसलेल्याच्या मांडीवर फाईल. मी पुन्हा पुन्हा त्या बसलेल्यांकडेच पाहत होते.

हे रुग्णालयही एका बसलेल्या माणसाच्या दुःखातून उभं राहिलं आहे. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी टाटा आणि मेहेरबाई यांचं लग्न १८९८ सालचं. १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, दूर वेल्समध्ये. तेव्हा त्या आजारावर श्रीमंतालाही विकत घेता येईल असं औषध जगात कुठेच नव्हतं. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास केला, आपली संपत्ती दुसऱ्या न्यासाला दिली, आणि त्याच वर्षी, तिच्या समाधीच्या दर्शनाला निघाले असताना वाटेत जर्मनीत त्यांचंही निधन झालं. इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या दफनभूमीत दोघं शेजारी आहेत. त्यांच्या न्यासाने उभारलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. रांगेत उभी असताना मी मेहेरबाईंपेक्षा दोराबजींचा विचार करत होते. पोलाद काढलं, वीज काढली, त्या माणसाने त्या खोलीत खुर्चीवर बसून काय केलं असेल? पाणी पाजलं असेल. उशी सारखी केली असेल. त्याहून जास्त मीही काही करत नव्हते.

मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मिळाला. स्वतःसाठी झोपडी न बांधणाऱ्या त्या माणसाने पंढरपूर, आळंदी, नाशिक इथे परक्यांसाठी छपरं उभी केली. ते गेले १९५६ मध्ये, पण त्यांच्या नावाचं मिशन आजही ते काम करतं आणि दादरच्या धर्मशाळेत टाटाला आलेल्या पेशंटांची आणि सोबतच्यांची सोय होते. कपडे वाळत घातलेल्या दोरीशी मला चोपड्याकडची ती बाई भेटली. माझ्याहून वयाने लहान, हातात पाटल्या, डोक्यावर घट्ट पदर. तिने साडी पिळता पिळता, अजिबात आवाज न उतरवता विचारलं, "तुमना मालकले काय व्हयेल शे?"

मी सांगितलं. स्वादुपिंड, यकृत, चौथी स्टेज. हे शब्द मी पहिल्यांदा पूर्ण आवाजात उच्चारले. तिने तिचं सांगितलं. तिच्या नवऱ्याला फुप्फुसाचा, तोही पसरलेला. मग एकदम माझा बांध फुटला. मी तोंडात पदर कोंबायला गेले तर ती म्हणाली, "रडी ले बहीण. आठे आपले कोणी वळखत नही." तिने मला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही. उरलेले कपडे पिळत राहिली, अधूनमधून माझ्याकडे बघत. माझं झाल्यावर तिने बादली माझ्याकडे सरकवली आणि ती स्वतः रडली. मग मी तिचे कपडे वाळत घातले.

सप्तशती, म्हणजे तेच देवीमाहात्म्य, मी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले. युद्धाचे अध्याय पाठ होते, पण त्या पोथीच्या सुरुवातीला जे आहे ते मला दादरच्या त्या गच्चीवर आठवलं. राज्य गमावलेला सुरथ राजा एकटा रानात येतो. तिथे त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो, बायकोपोरांनीच पैशासाठी घराबाहेर काढलेला. राजाला अजून आपल्या हत्तीची आणि खजिन्याची काळजी आहे, वैश्याला त्याच बायकोपोरांची. ऋषीकडे जाण्याआधी हे दोघं एकमेकांशी बोलतात. राजाच विचारतो, तू कोण, असा खिन्न का दिसतोस? सातशे मंत्रांचा तो सगळा पसारा, मधुकैटभ, महिषासुर, शुंभ-निशुंभ, या एका प्रश्नावर उभा आहे. एका दुखावलेल्या माणसाने दुसऱ्या अनोळखी दुखावलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न. घरच्यांना तो विचारता येत नाही असं नाही. पण घरच्यांना उत्तर ऐकून काहीतरी करावं लागतं. राजाला वैश्यासाठी काहीच करायचं नव्हतं, म्हणून तो नीट ऐकू शकला.

पुण्याच्या अनिता अवचटांनी हे फार आधी ओळखलं असावं. १९८६ साली अनिल अवचट आणि त्यांनी मुक्तांगण सुरू केलं ते व्यसनी माणसांसाठी, पण तिथे त्या माणसांच्या बायकांचाही गट बसू लागला, सहचरी नावाचा. आजार एकाचा, पण घर त्याच्याभोवती वाकतं, आणि त्या वाकलेल्या माणसांना एकत्र बसायला एक सतरंजी हवी. पुढे त्यांना स्वतःला कर्करोगाने गाठलं, तरी त्या काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्या गेल्या. अशी सतरंजी तालुक्याच्या गावात कर्करोगाच्या घरांसाठी का असू नये, असं मला राहून राहून वाटतं. आमच्या भागात भजनी मंडळं आहेत, बचत गट आहेत, द्राक्षबागाईतदारांच्या बैठका होतात. बसायची सवय आहे. विषय तेवढा बोलला जात नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी नाशिकच्याच उपचारांवर शिक्कामोर्तब केलं. पण तिथल्या वेदनाशमनाच्या विभागात एका डॉक्टर बाईंनी ह्यांना आधी विचारलं, "दुखतं किती?" मग मला विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" माझ्या झोपेचा या विभागाशी संबंध आहे हे मला तेव्हा समजलं नाही. नंतर वाचलं. सिसली साँडर्स नावाची इंग्रज बाई, आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेली. तिने १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. वेदना शरीराची असते तशी मनाची असते, पैशाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते, आणि ती सगळी मिळून एकच असते, हे तिचं सांगणं. त्याच वाटेने आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन निघालं, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिपलाचं केंद्र आहे. मॉर्फिन टाटामधल्या त्या डॉक्टर बाईंनीच लिहून दिलं. मी घाबरले. अफूचं औषध, सवय लागेल. त्यांनी शांतपणे समजावलं की दुखण्यासाठी, मापात, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनला या आजारात भ्यायचं कारण नाही. फक्त पोट बांधतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही. ही अफू आपल्याच देशात, मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकते. तरी १९८५ च्या कायद्याने परवान्यांचा असा गुंता झाला होता की मोजक्याच ठिकाणी हे औषध मिळायचं. २०१४ च्या दुरुस्तीने तो बराच सुटला. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. त्या काळात आमच्यासारख्या घरांमधून रात्री किती कण्हणं उठलं असेल, याचा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

दर चार तासांनी गोळी. घड्याळाचा गजर लावायचा, उठायचं, पाणी द्यायचं. काही दिवसांत ह्यांच्या कपाळावरची आठी गेली. आठी गेली आणि जीभ सुटली. एका रात्री गोळी घेतल्यावर हे आडवे झालेच नाहीत. म्हणाले, "सोसायटीचं कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते आधी बघावं लागेल." मी म्हणाले, कशाला आत्ता. "आत्ताच," म्हणाले. "तुझ्या कपाटातली फाईल मी कधीच वाचलीय. तू मोटारीचं स्टार्टर शिकून घे." त्या रात्री आम्ही उजाडेपर्यंत बोललो. सातबारा, मुलीचं शिक्षण, कुणाचं किती देणं, बँकेतलं वारसाचं नाव. मध्येच हे हसले, मध्येच मी रडले, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझा नवरा परत भेटला.

सप्तशतीच्या शेवटी देवी त्या दोघांना वर मागायला सांगते. एकच कथा दोघांनी ऐकली, नदीकाठी मातीची मूर्ती करून एकत्रच तप केलं. तरी राजा राज्य मागतो, वैश्य "मी आणि माझं" यातून सुटका मागतो. देवी दोघांनाही देते. कुणाचं मागणं बरोबर याचा निवाडा करत नाही. मी ह्यांच्यासाठी दिवस मागत होते. आणखी एक केमो, आणखी एक स्कॅन, आणखी एक पाडवा. हे मागत होते ती माहिती होती, नीट लावलेले कागद होते, मार्चमध्ये क्रेट भरताना बागेत खुर्ची टाकून बसायचं होतं. मला ते मागणं फार छोटं वाटायचं. आता तसं वाटत नाही.

मार्चमध्ये खुर्ची टाकली. माल बरा निघाला, भाव मध्यम. हे घड हातात घेऊन वजनाचा अंदाज सांगत होते, आणि आप्पा तो खोडून काढत होते.

चोपड्याच्या बहिणीचे फोन येत असत. ती कधी विचारायची, कधी नुसतं सांगायची. माघात तिचा नवरा गेला. ते तिने कळवलं आणि लगेच म्हणाली, चैत्रात गावच्या पायी दिंडीबरोबर गडावर येणार आहे, नवस त्याचा आहे पण पाय माझे आहेत. चैत्रोत्सवात अख्खा खानदेश चालत सप्तशृंगीला येतो, उन्हातान्हात, पायांना फोड घेऊन, त्या गर्दीत तीही आली. दर्शन करून जीपने वणीला उतरली. कपाळ मोकळं, डोक्यावर तोच घट्ट पदर. मला वाटलं, ह्यांच्यासमोर तिला कसं बसवावं. मी तिला आतल्या खोलीत नेऊ लागले तर हेच ओट्यावरून म्हणाले, "इथे बसू द्या त्यांना."

मी चहाला आत गेले. भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज आला, बारीक झालेला पण स्वच्छ. ह्यांनी तिला विचारलं, शेवटी त्यांना फार त्रास झाला का. माझा हात आधणावरच थांबला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग तिने सांगितलं, जसं होतं तसं. शेवटचे दोन दिवस झोपूनच होते. दुखलं नाही, औषध होतं. पाणी मागायचे, ते कापसाने ओठांना लावायची. थोरला मुलगा पाय दाबत होता. हे मधूनमधून "हं" म्हणत होते, बाजारात एखाद्या जाणत्या शेतकऱ्याकडून नव्या वाणाची माहिती घ्यावी तसे.

मग ह्यांनी विचारलं, "आणि आता शेत कोण पाहतं तुमचं?"

"मीच," ती म्हणाली. "पहिले काहीच समजे नही."

"मग? काय केलंत?"

ती पुढे बोलणार तेवढ्यात ह्यांनी मला हाक मारली. "अगं, चहा राहू दे. तू इथे येऊन बस. ऐक हे."

मी गॅस बंद करून ओट्यावर आले. तिने सोसायटीच्या कर्जापासून सुरुवात केली.